पारावरचा पुरावा आणि कोर्टातला पुरावा

प्रश्न : मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर आमच्या गावच्या पारावर रोज एकच वाद चालतो. एक गट म्हणतो, मंत्र्याचा उजवा हात आरोपी क्रमांक एक आहे, मग मंत्री आरोपी कसा नाही? दुसरा गट म्हणतो, मंत्र्याविरुद्ध पुरावाच नव्हता, तर राजीनामा का घेतला? दोघेही ‘पुरावा’ हाच शब्द वापरतात. पुरावा म्हणजे नेमका किती? तो पुरेसा आहे हे ठरवतो कोण? आणि पुढाऱ्यांसाठी कायद्याचे माप वेगळे असते का?
— केज तालुक्यातील एक वाचक

उत्तर : तुमच्या पारावरचे दोन्ही गट एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी मागत आहेत. म्हणून तो वाद मिटत नाही.

काट्याच्या भाषेत सांगतो. उसाची गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते तेव्हा हिशेब टनात होतो. मोंढ्यात तुरीचे पोते क्विंटल-किलोत मोजतात. सराफाकडे मंगळसूत्राचे मणी मिलिग्रॅममध्ये तोलतात. तिन्ही काटे खरेच असतात, पण सराफाच्या काट्यावर कोणी उसाची गाडी चढवत नाही आणि उसाच्या काट्यावर कोणी सोने तोलून घेत नाही. फौजदारी कायद्यातही एका प्रकरणाला असे तीन-चार काटे लागतात, आणि प्रत्येक काट्यावर बसणारा माणूस वेगळा असतो. फिर्याद नोंदवायची का, खटला चालवायचा का, शिक्षा द्यायची का आणि मंत्र्याने खुर्ची सोडायची का, या चार प्रश्नांना पुराव्याचे एकच माप नाही.

आधी घटनाक्रम पाहू. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झाले आणि त्यांचा अत्यंत क्रूरपणे खून करण्यात आला. मस्साजोगच्या पवनऊर्जा प्रकल्पाकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली, ६ डिसेंबरला तिथे मारहाण झाली आणि गावचा सरपंच मध्ये पडला म्हणून त्याचा जीव गेला, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. २८ डिसेंबरला बीडमध्ये प्रचंड मूक मोर्चा निघाला. ३१ डिसेंबरला मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्ती वाल्मीक कराड पुण्यात सीआयडीच्या कार्यालयात शरण आले. १४ जानेवारी २०२५ रोजी त्यांना मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लागला. फेब्रुवारीअखेर दोषारोपपत्र दाखल झाले. त्यात खंडणी, मारहाण आणि खून या तिन्ही गुन्ह्यांची साखळी मांडली होती आणि कराड यांचे नाव पहिल्या क्रमांकावर होते. ३ मार्चला त्या कागदपत्रांतली खुनाच्या वेळची छायाचित्रे घराघरांत पोहोचली आणि ४ मार्चला धनंजय मुंडे यांनी मंत्रिपद सोडले. दोषारोपपत्रात मुंडे आरोपी नव्हते. कराड यांनी आरोप नाकारले आहेत, आणि आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे या स्तंभात मी पुन्हा पुन्हा लिहीत राहणार आहे.

पहिला काटा फिर्यादीचा. तो सगळ्यांत हलका आहे आणि हलकाच असायला हवा. दखलपात्र गुन्हा घडल्याचे फिर्यादीतून दिसत असेल तर ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले. फिर्यादी खरे बोलतो की खोटे, हे तपासात ठरते. नोंद करताना पुरावा मागायचा नसतो. ‘आधी पुरावा आणा, मग बघू’ हे ठाण्याच्या पायरीवर ऐकू येणारे वाक्य कायद्यात कुठेही नाही.

याच पायरीवर सत्ता आडवी येते. बुलढाणा जिल्ह्यातले प्रकरण आठवा. एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीच्या तक्रारी होत्या आणि मुख्यमंत्री कार्यालयातून पोलिसांना फोन गेला. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल महाराष्ट्र शासनाला दहा लाख रुपये भरायला लावले. फोन गेला तेव्हाचे मुख्यमंत्री आपल्या शेजारच्या लातूरचे होते. पैसे अर्थात सरकारी तिजोरीतून गेले, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. पुढाऱ्यांच्या प्रकरणांत पुरावा बहुतेक वेळा कोर्टात कमी पडतो असे आपण म्हणतो, पण तो खरे तर पहिल्या चोवीस तासांत ठाण्यातच कमी पडलेला असतो. उशिरा नोंद झाली की कॅमेऱ्यातले चित्रण पुसले जाते, रक्ताचे डाग धुतले जातात, मोबाइल बदलले जातात. पुढे कितीही मोठे विशेष पथक नेमले तरी गेलेला दिवस परत येत नाही. देशमुखांच्या कुटुंबाचा पहिला आक्रोश हाच होता, की अपहरणाची खबर दिल्यावर यंत्रणा वेळेत हलली नाही. ठाण्यात दाद मिळाली नाही तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी फिर्याद पाठवता येते, आणि तिथेही काही झाले नाही तर कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हा रस्ता मोर्चापेक्षा कमी गाजतो, पण कागदावर तारीख उमटवतो.

दुसरा काटा खटला चालवण्याचा. इथे न्यायाधीश दोषारोपपत्र वाचून एवढेच बघतात, की या कागदांवरून गंभीर संशय उभा राहतो का. साक्षीदार खरे बोलतात का, हे या टप्प्यावर तपासत नाहीत. जुलै २०२५ मध्ये बीडच्या विशेष न्यायालयाने कराड यांचा दोषमुक्तीचा अर्ज फेटाळला, तेव्हा गावोगाव ‘कोर्टाने दोषी ठरवले’ असे निरोप फिरले. ते चूक होते. खटला ऐकण्याजोगा आहे, एवढेच न्यायालयाने म्हटले होते. मोक्कामध्ये जामीन नाकारला जातो तेव्हाही हेच लक्षात ठेवायला हवे. त्या कायद्यात आरोपी निर्दोष असल्याचे मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. जामीन नाकारणे हा त्या कलमाचा परिणाम आहे, निकाल नव्हे.

मोक्काबद्दल आणखी एक गोष्ट. साध्या खटल्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, कारण तो मारून-मुटकून घेतलेला असू शकतो. मोक्काच्या कलम १८ खाली पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब चालतो. तपासाच्या हाती हे मोठे हत्यार आहे. त्याच कारणाने मोक्का लावायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाची मंजुरी लागते. यातली एक सही चुकली तर सगळी इमारत ढासळते. मोक्काचे खटले कोसळतात तेव्हा बऱ्याचदा गुन्हा खोटा होता म्हणून नव्हे, तर कागद कच्चा होता म्हणून.

आता तिसरा काटा, सराफाचा. शिक्षा द्यायची तर गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल, सगळे प्रकरण परिस्थितीजन्य पुराव्यावर उभे असेल, तेव्हा हा काटा कसा धरायचा याचा नियम देशभर एकाच खटल्यातून सांगितला जातो, आणि त्या खटल्याची नाळ बीडशी जुळलेली आहे. बीडची एक मुलगी फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न होऊन पुण्याला गेली. चार महिन्यांत, १२ जून १९८२ रोजी, ती सासरच्या घरात विषाने मरण पावली. तिने बीडला बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे कोर्टात वाचली गेली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मुलीने स्वतःच विष घेतले असण्याची शक्यता पुराव्याने पुसली गेली नव्हती. हाच तो सारडा खटला.

त्या निकालाने घालून दिलेल्या पाच अटींना वकील मंडळी आजही ‘पंचशील’ म्हणतात. साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे पूर्ण सिद्ध झालेली हवी. सगळ्या कड्या आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवणाऱ्या हव्यात. त्या निर्णायक हव्यात. दोषाशिवाय दुसरे कोणतेही स्पष्टीकरण त्यांत बसता कामा नये. आणि साखळी इतकी सलग हवी, की आरोपी निर्दोष असेल असे म्हणायला वाजवी जागाच उरू नये. ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांत फार मोठे अंतर आहे, हे त्याआधी १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्याच बोबडे खटल्यात सांगितले गेले होते. त्याच बोबडे निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी उलट बाजूचा इशाराही दिला होता, की प्रत्येक शंकेला कवटाळून गुन्हेगार सोडत सुटलात तर लोकांचा न्यायावरचा विश्वास उडेल. बचाव पक्षाचे वकील पहिला भाग वाचून दाखवतात, सरकारी वकील दुसरा. मला दोन्ही एकत्र वाचावेसे वाटतात.

आता तुमच्या पहिल्या गटाच्या प्रश्नाकडे या. ‘उजवा हात आरोपी, मग मंत्री कसा नाही?’ जवळीक हा पुरावा आहे का? आहे, पण जवळिकीचाच. एका मंचावरचा फोटो, एका गाडीतला प्रवास, वर्षानुवर्षे सांभाळलेला मतदारसंघ, यांवरून दोन माणसे एकमेकांची होती एवढे सिद्ध होते. कटाचा आरोप करायचा तर त्या विशिष्ट गुन्ह्याबाबत मने जुळली होती, हे दाखवावे लागते. फोनच्या नोंदीवरून कोणत्या क्रमांकावरून कोणाला किती सेकंद फोन झाला आणि फोन कोणत्या टॉवरखाली होता एवढे कळते. बोलणे काय झाले ते कळत नाही. कट असल्याचे मानायला सबळ कारण मिळाले की एकाचे बोलणे-वागणे दुसऱ्याविरुद्धही वाचता येते, असे साक्ष अधिनियम सांगतो, पण त्या आधीची पायरी ओलांडावीच लागते. ‘आका’, म्हणजे म्होरक्या, आणि ‘आकाचा आका’ हे शब्द सभेत लोकांना कळतात, दोषारोपपत्रात त्यांच्या जागी नाव, तारीख, ठिकाण आणि साक्षीदार लिहावा लागतो. ‘त्यांच्याशिवाय जिल्ह्यात पान हलत नव्हते’ हे राजकीय वाक्य खरे असले, तरी त्यावरून खुनाची माहिती असल्याचे सिद्ध होत नाही. पण त्या वाक्याने चौकशीची दिशा मात्र नक्की ठरते. तपास अधिकाऱ्याने त्या दिशेने जायला हवे होते की नाही, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे आणि तो विचारणे म्हणजे कोणाला दोषी ठरवणे नव्हे.

तुमच्या दुसऱ्या गटालाही उत्तर हवे. ‘पुरावा नव्हता तर राजीनामा का?’ राजीनाम्याचा काटा कोर्टात नसतोच. घटनेच्या कलम १६४ प्रमाणे मंत्री राज्यपालांच्या मर्जीपर्यंत, म्हणजे व्यवहारात मुख्यमंत्र्यांच्या विश्वासापर्यंत, पदावर राहतो. त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटपाच्या प्रकरणात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि बॅरिस्टर अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. ते फौजदारी कोर्टातले दोषसिद्धीचे प्रकरण नव्हते. ५ एप्रिल २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केवळ प्राथमिक चौकशीचा आदेश दिला आणि गृहमंत्री अनिल देशमुख यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मुंडे यांनी विवेक आणि प्रकृती अशी दोन कारणे सांगितली. त्यांच्या जागी मे २०२५ मध्ये छगन भुजबळ आले. भुजबळ स्वतः दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिले आणि महाराष्ट्र सदन प्रकरणात २०२१ मध्ये दोषमुक्त झाले. राजीनाम्यावरून दोष वाचायचा नाही आणि तुरुंगवासावरूनही नाही, हे या एका खात्याच्या दोन मंत्र्यांकडे पाहूनच कळते.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या हाताखाली शासन चालते, त्याच्या जवळच्या माणसावर खुनाच्या कटाचा आरोप असेल, तर त्याने तपास संपेपर्यंत खुर्चीवर बसू नये. त्याने गुन्हा केला म्हणून नव्हे. जबाब द्यायला निघालेला साक्षीदार त्या खुर्चीकडे बघतो म्हणून. या कसोटीवर तो राजीनामा योग्य होता, पण तीन महिने उशिरा आला. आणि तो आला कशामुळे? कायद्याच्या एखाद्या कलमामुळे नव्हे, तर छायाचित्रे बघून लोकांच्या अंगावर काटा आला म्हणून. छायाचित्रे बाहेर आली नसती तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

चौकशी आयोगाबद्दलही लोकांत गैरसमज आहे. या प्रकरणात न्यायमूर्ती एम. एल. ताहलियानी यांची नेमणूक झाली, ज्यांनी कसाबचा खटला चालवला तेच. आयोग १९५२ च्या कायद्याने चालतो तेव्हा त्याचा अहवाल ही शिफारस असते. आयोगापुढे दिलेली साक्ष त्या माणसाविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. आयोगाने एखाद्यावर ठपका ठेवला तरी तुरुंगाचे दार आपोआप उघडत नाही, आणि ठपका ठेवला नाही म्हणून खटला थांबतही नाही.

पुढाऱ्यांसाठी माप वेगळे असते का? शिक्षेच्या काट्यावर नाही, तिथे सरपंच, मंत्री आणि ऊसतोड मजूर सारखेच. पण त्या काट्यापर्यंत पोहोचण्याआधी काही फाटके फक्त सरकारी पदावरच्या लोकांसाठी आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून, पदाच्या नात्याने घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी करायलाही पूर्वपरवानगी लागते. खटल्याच्या मंजुरीचे कवच पूर्वी पद सोडल्यावर उतरत असे. १९८४ मध्ये अंतुले प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते माजी लोकसेवकांनाही दिले. मला हा बदल मुळीच पटत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून वाचवायला एक फाटक पुरेसे होते. खून आणि खंडणी मात्र कोणाच्याही सरकारी कर्तव्यात बसत नाहीत, त्यामुळे तिथे या परवानग्या आड येण्याचे कारणच नाही.

शेवटी, ज्या पुराव्याभोवती मस्साजोगचे सगळे प्रकरण फिरते, त्या मारहाणीच्या चित्रफितीबद्दल. शेजारच्या जालन्याची गोष्ट आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर, दुपारी तीननंतर, दाखल झाले असा प्रतिस्पर्ध्याचा दावा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रणाचा. त्या चित्रणासोबत द्यायचे प्रमाणपत्र अधिकारी देतच नव्हते. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले, की मूळ उपकरणच कोर्टात हजर केले नाही तर डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र हवेच. ज्याने ते मिळवायचे सगळे प्रयत्न केले आणि तरी मिळाले नाही, त्याला तेवढी सवलत. आज देशातल्या कुठल्याही कोर्टात मोबाइलची चित्रफीत दाखवायची झाली की जालन्याच्या या निकालाचे नाव निघते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट आणखी कडक केली. आता प्रमाणपत्राला दोन भाग लागतात, एक उपकरण सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचा हॅश क्रमांकही द्यावा लागतो, म्हणजे फाइलमध्ये एक क्षण जरी बदलला तरी पकडता येतो.

तुमच्या तालुक्यातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्या दिवसांतली काही ना काही चित्रे फिरली असतील. व्हॉट्सअॅपवर दहा वेळा पुढे गेलेली फीत लोकांना जागे करते, कोर्टात मात्र ती जवळजवळ निरुपयोगी असते. कोर्टाला हवा असतो ज्या फोनने ती टिपली तो फोन, तो जप्त केल्याचा पंचनामा, त्यावर सही करणारे पंच, आणि सहीनंतर तीन वर्षांनी पिंजऱ्यात उभे राहून ‘ही माझीच सही’ म्हणणारी माणसे.

ती माणसे तुमच्याच गावची असतात. आठवडी बाजारात त्यांना आरोपीचे नातेवाईक भेटतात. पोलिसांपुढचा जबाब साक्षीदाराच्या सहीचा नसतो आणि कोर्टात तो फिरला तर त्या जबाबाचा उपयोग फक्त विसंगती दाखवण्यापुरता होतो. म्हणून महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घ्यायची मागणी करा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आहे. धमकी आली तर त्याखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडे अर्ज करता येतो, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

आणि तुमच्यापैकी कोणाकडे अशी मूळ चित्रफीत असेल, या प्रकरणाची किंवा पुढच्या कोणत्याही प्रकरणाची, तर ती कापू नका, नाव बदलू नका, गटात टाकू नका. फोन तसाच ठेवा, वकिलाला सोबत घेऊन तो तपास अधिकाऱ्याच्या हवाली करा आणि जप्ती पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.